पेशीत घातलेलं जनुक गप्प का होतं? रोगप्रतिकारक पेशी आणि एपिजेनेटिक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टी-पेशींवर, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींवर, काम करते. प्रयोगशाळेत नव्याने येणारी मुलं, इतर विभागांतले सहकारी आणि कधी कधी रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे प्रश्न खोल आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

पराजनुक म्हणजे काय?

पेशीच्या स्वतःच्या डीएनएत नसलेलं, आपण बाहेरून घातलेलं जनुक. कार-टी या कर्करोगावरच्या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणाऱ्या 'कार' नावाच्या ग्राहक-प्रथिनाचं जनुक घालतात आणि त्या पेशी रुग्णाला परत देतात. ते जनुक आत नेण्यासाठी बहुतेक वेळा निरुपद्रवी केलेला विषाणू वापरतात, त्याला व्हेक्टर म्हणतात. लेन्टिव्हायरस आणि गॅमा-रेट्रोव्हायरस हे त्यातले दोन नेहमीचे प्रकार. दोन्ही आपला माल पेशीच्या गुणसूत्रात कायमचा शिवून टाकतात. पेशी दुभंगली की नव्या पेशीतही ते जनुक जातं.

आणि एपिजेनेटिक म्हणजे?

आपल्या प्रत्येक पेशीत जवळजवळ दोन मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो. मावतो कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, एका रिळाभोवती सुमारे १४७ अक्षरं. ही गुंडाळी कुठे सैल, कुठे घट्ट असते. सैल भागातलं जनुक वाचलं जातं, घट्ट भागातलं बंद राहतं. सैल-घट्ट ठरवणाऱ्या रासायनिक खुणा असतात. डीएनएच्या सी या अक्षरावर मिथाइलचा ठिपका बसतो, हिस्टोनच्या शेपट्यांवर अॅसिटाइल किंवा मिथाइल गट लागतात. या खुणांमुळे डीएनएची अक्षरं बदलत नाहीत, पण कुठलं पान उघडं आणि कुठलं चिकटवलेलं हे त्या ठरवतात. शिवाय पेशी दुभंगताना यातल्या बऱ्याच खुणांची नक्कल पुढे जाते. जनुक एकदा बंद झालं की त्या पेशीच्या लेकी-नातींमध्येही ते बंदच राहण्याची शक्यता असते, ती यामुळे.

जनुक डीएनएत बसलं म्हणजे काम झालं ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. जनुक पेशीत असणं आणि जनुक चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोन वेगळ्या चाचण्यांनी तपासाव्या लागतात. पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा शोधून मोजणारी चाचणी, तुम्हाला सांगतो की जनुक आत आहे. ते प्रथिन बनवतंय का, याबद्दल पीसीआर काहीही सांगत नाही. तरी कित्येक सादरीकरणांत 'दर पेशीमागे २ प्रती' हा आकडा दाखवून लोक पुढे सरकतात. मला ते खटकतं, कारण या गोंधळाची किंमत रुग्णांनी मोजलेली आहे. ती हकिगत खाली येते.

आपण घातलेलं जनुक 'परकं' आहे हे पेशीला कळतं कसं?

आपल्या जनुकसंचाचा मोठा हिस्सा जुन्या विषाणूंच्या आणि उड्या मारणाऱ्या डीएनए तुकड्यांच्या अवशेषांनी भरलेला आहे. लाखो वर्षं पेशी अशा घुसखोरांना गप्प बसवत आल्या आहेत. आपला व्हेक्टर विषाणूपासूनच बनवलेला, तेव्हा ती जुनी पहारेकरी यंत्रणा त्याच्यावरही नजर ठेवणारच.

एक पहारेकरी मूलपेशींमध्ये सापडतो. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींत झेडएफपी८०९ नावाचं प्रथिन म्युरीन ल्युकेमिया विषाणूचा एक छोटा ठरावीक तुकडा ओळखतं, ट्रिम२८ ला बोलावतं आणि तिथला डीएनए घट्ट बांधला जातो. यामानाका यांनी २००६ मध्ये साध्या पेशींना मूलपेशी बनवलं तेव्हा वापरलेली रेट्रोव्हायरसमधली जनुकं, पेशी पूर्ण 'मूल' झाली की आपोआप बंद पडायची. संशोधक तर ही बंद पडण्याची क्रियाच यशाची खूण मानू लागले.

दुसरा पहारेकरी हश संकुल, २०१५ मध्ये उजेडात आला. टॅसॉर, एमपीपी८ आणि पेरिफिलिन ही तीन प्रथिनं मिळून तो बनतो. तो सेटडीबी१ या विकराला बोलावून हिस्टोन एच३ च्या नवव्या जागेवर तीन मिथाइल गट बसवून घेतो. ही बंदीची खूण. हश कशाला पकडतो? लांब आणि इंट्रॉन (जनुकाच्या मधले, प्रथिनासाठी न वापरले जाणारे तुकडे) नसलेल्या जनुकांना. आपली स्वतःची बहुतेक जनुकं इंट्रॉननी तुटक केलेली असतात. व्हेक्टरमधलं पराजनुक सहसा सलग असतं, म्हणून ते डोळ्यांत भरतं.

याशिवाय व्हेक्टरच्या प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या तुकड्यात, सी-जी जोड्या दाटीवाटीने असल्या की मिथाइल बसवणाऱ्या विकरांना आयती जागा मिळते.

हे प्रत्यक्ष रुग्णांमध्ये घडलं आहे का?

हो, आणि या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने ही हकिगत वाचलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज हा आनुवंशिक आजार आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जंतू गिळतात, पण त्यांना मारायला लागणारा ऑक्सिजनचा जहाल रेणू बनवू शकत नाहीत, कारण जीपी९१-फॉक्स या प्रथिनाचं एक्स गुणसूत्रावरचं जनुक बिघडलेलं असतं. बुरशी आणि जिवाणू वर्षानुवर्षं शरीरात ठाण मांडतात. जर्मनीत फ्रँकफुर्टला २००४ मध्ये या आजाराच्या दोन तरुणांच्या रक्तमूलपेशींत गॅमा-रेट्रोव्हायरसने चांगलं जनुक घातलं. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. न्यूट्रोफिल पुन्हा जंतू मारत होते, हटत नसलेले संसर्ग बरे झाले होते.

मग हळूहळू काम थांबलं. जनुक असलेल्या पेशी रक्तात भरपूर होत्या, उलट वाढतच होत्या. पण त्या ऑक्सिजनचा रेणू बनवत नव्हत्या. तपास केला तेव्हा दिसलं की व्हेक्टरच्या विषाणूजन्य प्रमोटरवर मिथाइलचे ठिपके बसले होते. जनुक जागेवर होतं, पण त्याचं तोंड बंद केलं गेलं होतं.

याहून वाईट पुढे आहे. मिथाइल बसलं ते प्रमोटरच्या भागावर, त्याच्या शेजारच्या एन्हान्सरवर फारसं नाही. एन्हान्सर म्हणजे आजूबाजूच्या जनुकांना जोर देणारा तुकडा. तो जागा राहिला आणि ज्या पेशींत व्हेक्टर ईव्हीआय१ या वाढीच्या जनुकाजवळ बसला होता, तिथे त्याने ते जनुक चेतवलं. त्या पेशी माजल्या. दोन्ही रुग्णांमध्ये सातव्या गुणसूत्राची एक प्रत गहाळ झाली आणि मायलोडिस्प्लेजिया हा अस्थिमज्जेचा विकार उद्भवला. दोघांपैकी एक रुग्ण पुढे जंतुसंसर्गाने दगावला. २०१० मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध झालं.

म्हणजे एकाच व्हेक्टरचा जो भाग बोलायला हवा होता तो मिटला आणि जो गप्प असायला हवा होता तो जागा राहिला. नुसत्या प्रती मोजणाऱ्याला वाटलं असतं, वा, पेशी वाढताहेत, उपचार उत्तम चालला आहे.

मग कार-टी पेशीही अशाच गप्प होतात का?

इथे घाबरवणारी विधानं खूप ऐकू येतात, म्हणून नीट सांगते. फ्रँकफुर्टमध्ये जनुक मूलपेशीत घातलं होतं. मूलपेशीपासून न्यूट्रोफिल होईपर्यंत क्रोमॅटिनची, म्हणजे डीएनए आणि हिस्टोनच्या गुंडाळीची, अनेकदा नव्याने मांडणी होते, आणि प्रत्येक मांडणीत परक्या जनुकावर कुलूप पडण्याची संधी असते. कार-टीमध्ये जनुक घालतात ते आधीच परिपक्व झालेल्या टी-पेशीत. तिची मांडणी बरीचशी ठरलेली असते, त्यामुळे कायमचं कुलूप पडण्याचा धोका खूपच कमी.

तरीही रुग्णाच्या शरीरात गेल्यावर पराजनुकाची पातळी उतरलेली दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रोझेनबर्ग यांच्या गटाने २००९ मध्ये हाच प्रश्न तपासला. रुग्णांच्या रक्तातून परत काढलेल्या पेशींमध्ये पराजनुक मंदावलेलं होतं, पण पेशींना उत्तेजन देताच ते पुन्हा चालू झालं. व्हेक्टरला खास लक्ष्य करून बंद केल्याचा पुरावा मिळाला नाही. टी-पेशी विश्रांतीत गेली की तिचा एकूण कारभारच मंदावतो, त्यात पराजनुकही मंदावतं. याला झोप म्हणा. झोप आणि कायमचं मौन यांत गल्लत करू नका.

पेनसिल्व्हानिया विद्यापीठात २०१० मध्ये कार-टी मिळालेल्या पहिल्या काही रुग्णांपैकी दोघांमध्ये दहा वर्षांहून अधिक काळानंतरही कार असलेल्या पेशी सापडल्या आणि त्या काम करत होत्या. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

जनुक गुणसूत्रात कुठे बसतं याने फरक पडतो का?

पडतो, आणि हे १९३० पासून माहीत आहे. हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी फळमाशीची गुणसूत्रं तोडली तेव्हा काही माश्यांचे डोळे लाल-पांढरे ठिपकेदार निघाले. रंगाचं जनुक शाबूत होतं, पण ते गुणसूत्राच्या घट्ट भागाच्या शेजारी जाऊन पडलं होतं. काही पेशींत ते बंद, काहींत चालू. कार-टीच्या एकाच पिशवीत काही पेशींवर भरपूर कार आणि काहींवर जेमतेम दिसतो, त्यामागेही शेजाराचा हा परिणाम असतो.

लेन्टिव्हायरस मानवी पेशीतल्या एलईडीजीएफ या प्रथिनाचा हात धरून चालू जनुकांच्या मधोमध बसतो. गॅमा-रेट्रोव्हायरसला जनुकांच्या सुरुवातीची जागा आवडते. म्हणून लेन्टिव्हायरस तुलनेने सुरक्षित समजला जातो. तरी तो नेमका कुठे बसेल हे आपल्या हातात नसतं.

याचं सर्वांत विलक्षण उदाहरण २०१८ चं. ७८ वर्षांच्या एका गृहस्थांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया होता. कार-टी दिल्यावर सुरुवातीला फारसा फरक पडला नाही. मग दुसऱ्या मात्रेनंतर काही आठवड्यांनी त्यांच्या कार-टी पेशी अचानक प्रचंड वाढल्या आणि कर्करोग पूर्ण हटला. तपासलं तर त्या ऐन बहराच्या वेळी ९४ टक्के कार-टी पेशी एकाच पूर्वज-पेशीच्या वंशज होत्या. त्या एका पेशीत व्हेक्टर टेट२ या जनुकाच्या आत जाऊन बसला होता आणि ते जनुक मोडलं होतं. टेट२ चं काम मिथाइलचे ठिपके काढण्याच्या प्रक्रियेला सुरुवात करून देणं. रुग्णाची टेट२ ची दुसरी प्रतही जन्मतः किंवा नंतर, पण आधीपासूनच अशक्त होती. म्हणजे व्हेक्टरने योगायोगाने एपिजेनेटिक यंत्रणेचाच एक खिळा काढला, आणि ती पेशी तरुण, स्मृतीधारी (शत्रू लक्षात ठेवून दीर्घकाळ टिकणाऱ्या) वळणाची राहिली.

एपिजेनेटिक्सचा पराजनुकावर परिणाम होतो हे आपण वरती पाहिलं. इथे पराजनुकाने एपिजेनेटिक्स बदललं. गाडी दोन्ही दिशांनी जाते.

मग सगळ्यांच्याच पेशींत टेट२ मुद्दाम बंद का करत नाहीत?

कारण एका रुग्णाचं नशीब म्हणजे उपचारपद्धती नव्हे. २०२३ मध्ये दिसलं की टेट२ पूर्ण काढलेल्या कार-टी पेशी कालांतराने लक्ष्य नसतानाही बेबंद वाढू शकतात. डीएनएमटी३ए या मिथाइल बसवणाऱ्या विकराला काढल्यावर कार-टी पेशी थकत नाहीत, हे २०२१ मध्ये सेंट ज्यूड रुग्णालयाच्या गटाने दाखवलं. आशा आहेच. पण टेट२ आणि डीएनएमटी३ए ही दोन्ही जनुकं रक्ताच्या कर्करोगांत वारंवार बिघडलेली सापडतात, आणि हे विसरून त्यांना हात लावणं मला पटत नाही.

ठरवलेल्याच जागी जनुक बसवता येतं का?

येतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये सादेलँ यांच्या गटाने २०१७ मध्ये क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या तंत्राने, कारचं जनुक थेट ट्रॅक या जागी बसवलं, म्हणजे टी-पेशीच्या स्वतःच्या ग्राहकाचं जनुक जिथे असतं तिथे. ती जागा टी-पेशीत उघडी असणारच, कारण त्याशिवाय ती टी-पेशी नव्हे. परिणाम सुंदर होता. सगळ्या पेशींवर कार जवळजवळ सारख्या प्रमाणात आला, लक्ष्य नसताना होणारी नको ती कुरबुर थांबली, लक्ष्य भेटल्यावर पातळी उतरून पुन्हा नैसर्गिक लयीत वर आली, आणि पेशी उशिरा थकल्या. घर बांधायचं तर वस्ती पाहून बांधावं, इतकं हे सरळ आहे.

फ्लो सायटोमीटरवर माझा सिग्नल दोन आठवड्यांत घसरला. जनुक बंद पडलं की पेशी मेल्या?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. (फ्लो सायटोमीटर हे एकेका पेशीवर किती प्रथिन आहे ते मोजणारं यंत्र; पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी, आणि जितकी उजवीकडे तितका कार जास्त.) आधी पडद्याकडे नीट बघा. ठिपक्यांचा ढग एकसंध राहून डावीकडे सरकला असेल, तर सगळ्याच पेशींत पातळी उतरली आहे. पेशी विश्रांतीत गेल्याची शक्यता मोठी. ढगाचे दोन तुकडे झाले असतील, उजवीकडचा जिथल्या तिथे पण लहान आणि डावीकडे शून्याजवळ नवा पुंजका, तर दोन शक्यता राहतात. एक म्हणजे काही पेशींत जनुक पूर्ण बंद झालं. दुसरी म्हणजे जनुक न शिरलेल्या पेशी वेगाने वाढून बाकीच्यांना मागे टाकून गेल्या.

पुढचा निवाडा प्रती मोजून होतो. डावीकडचा पुंजका सॉर्टरवर (पेशी निवडून वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर) वेगळा काढा, डीएनए काढा आणि डिजिटल पीसीआरने प्रती मोजा. प्रती आहेत पण प्रथिन नाही, तर मौन. प्रतीच नाहीत, तर त्या पेशी मुळात रिकाम्या होत्या. मौन निघालं तर टी-पेशी चेतवणाऱ्या सीडी३-सीडी२८ मण्यांनी उत्तेजन देऊन दोन-तीन दिवस थांबा. पेशी जागी झाली तर झोप होती. नाही झाली तर बायसल्फाइट चाचणी करून प्रमोटरवरचे मिथाइल वाचा, आणि जमलं तर हिस्टोनच्या खुणा वाचणारी कट-अँड-रन चाचणी लावा.

एक कळकळीची सूचना. संवर्धन सुरू करताना शून्य दिवसाच्या पेशींचा एक भाग गोठवून ठेवा. नंतर तुलना करायला तो नसला की सगळं अंदाजावर जातं. दोन महिन्यांची मेहनत एका क्रायो-नळीअभावी वाया गेल्याचं मी पाहिलं आहे, आणि त्या मुलीचा पडलेला चेहरा अजून आठवतो.

व्हेक्टर बनवतानाच काय काळजी घ्यावी?

प्रमोटर आधी. सायटोमेगॅलोव्हायरसचा प्रमोटर अनेक पेशींत दणकून चालतो, म्हणून सवयीने लोक तोच घेतात, पण टी-पेशीत तो भरवशाचा नाही. ईएफ१-अल्फा किंवा पीजीके यांसारखे मानवी जनुकांचे प्रमोटर जास्त टिकतात. किमराया या कार-टी उत्पादनात ईएफ१-अल्फा आहे. अंतर्गत प्रमोटर वापरून विषाणूची स्वतःची टोकं निकामी केली की फ्रँकफुर्टसारखा शेजाऱ्यांना चेतवण्याचा धोकाही कमी होतो.

कोंबडीच्या बीटा-ग्लोबिन जनुकसमूहातला सीएचएस४ हा इन्सुलेटर शेजारून पसरत येणारी बंदी अडवतो, पण पूर्ण तुकडा १.२ हजार अक्षरांचा असल्याने विषाणूचं उत्पादन घटतं. यूसीओई हे नेहमी उघडे राहणारे डीएनए तुकडे मिथाइल बसू न देण्यात चांगले, विशेषतः मायलॉइड पेशींत (न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज वगैरे). डब्ल्यूपीआरई हा तुकडा आरएनएच्या पातळीवर मदत करतो, बंद प्रमोटर मात्र तो उघडू शकत नाही. प्रती वाढवून मौनावर मात करायचा मोह टाळा. दर पेशीमागे प्रती साधारण ५ च्या खाली ठेवण्याचा प्रघात सुरक्षेसाठीच आहे.

आयपीएस पेशींपासून एनके पेशी किंवा मॅक्रोफेज बनवताना पराजनुक हरवतं, असं का?

आयपीएस म्हणजे यामानाकांच्या पद्धतीने साध्या पेशींपासून बनवलेल्या मूलपेशी; एनके आणि मॅक्रोफेज या त्यांच्यापासून बनवता येणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. वर मूलपेशींबद्दल लिहिलं तेच. तिथे पहारा सर्वांत कडक असतो आणि पुढे पेशीचं रूप बदलताना मांडणीही बदलते. गुणसूत्रावरची एएव्हीएस१ ही 'सुरक्षित' म्हणवली जाणारी जागासुद्धा रूपांतराच्या वाटेवर बंद पडू शकते. मूलपेशीत घेतलेलं मोजमाप शेवटच्या पेशीसाठी गृहीत धरू नका.

औषध देऊन गप्प जनुक जागं करता येतं का?

प्रयोगशाळेत करता येतं. अॅझासायटिडिन हे औषध डीएनएत शिरून मिथाइल बसवणाऱ्या विकराला अडकवतं, पण त्यासाठी पेशी दुभंगत असायला हवी. एचडीएसी-रोधकं, म्हणजे अॅसिटाइल काढणाऱ्या विकरांना अडवणारी औषधं, हिस्टोनवरचं अॅसिटाइल टिकवून गुंडाळी सैल ठेवतात. अडचण ही की ही औषधं आपलं एकच जनुक शोधत जात नाहीत, सगळ्या पेशीत हात घालतात.

एचआयव्हीच्या क्षेत्रात याचा मोठा अनुभव आहे. तो विषाणूही लेन्टिव्हायरसच, आणि तो विश्रांतीतल्या स्मृतीधारी टी-पेशींत गप्प दडून राहतो. २०१२ मध्ये व्होरिनोस्टॅट हे एचडीएसी-रोधक देऊन त्याला जागं करता येतं हे रुग्णांमध्ये दाखवलं गेलं, पण तेवढ्याने दडलेला साठा संपला नाही. आपल्याला जे मौन नको आहे, त्याच मौनाच्या आडोशाने एचआयव्ही जगतो.

टी-पेशी 'थकणं' आणि जनुक गप्प होणं एकच का?

नाही. थकलेल्या पेशीत कार बहुधा पृष्ठभागावर असतोच, पण पेशीच्या स्वतःच्या जनुकांची मांडणी बदललेली असते आणि टॉक्ससारखी प्रथिनं ती बदललेली मांडणी धरून ठेवतात. उपायही वेगळा. २०२१ मध्ये दिसलं की कारचे संदेश काही काळ थांबवून पेशीला विसावा दिला, मग तो डॅसाटिनिब या औषधाने असो वा कारची पातळी उतरवून, की थकव्याच्या एपिजेनेटिक खुणा बऱ्याच पुसल्या जातात. कधी जनुक थोडा वेळ गप्प असणं पेशीच्या हिताचंही असतं.

आपल्याकडे याचा संबंध कुठे येतो?

खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या केंद्रात, ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या आणि इम्युनोअॅक्टने आणलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं. त्यातही जनुक लेन्टिव्हायरसनेच जातं, तेव्हा इथे लिहिलेलं सगळं आपल्या दाराशी आहे. परदेशातल्या किमतीच्या सुमारे एक-दशांशात हा उपचार मिळू लागला, याचं मोल ज्यांनी घर विकायची तयारी केली होती त्यांना विचारा.

आमच्या वडिलांना सीडी१९ कार-टी दिलं आहे. जनुक अजून चालू आहे हे आम्हाला कसं कळेल?

त्यासाठी जनुकाची चाचणी मागायची गरज बहुधा पडत नाही. सीडी१९ हे प्रथिन कर्करोगाच्या पेशींप्रमाणे निरोगी बी-पेशींवरही (प्रतिपिंडं बनवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) असतं. त्यामुळे कार-टी जागी असेपर्यंत रक्तात बी-पेशी जवळपास दिसत नाहीत. डॉक्टर दर भेटीत बी-पेशींचा आकडा आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे प्रतिपिंडांची, पातळी का बघतात, आणि पातळी फार उतरली तर इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन का लावतात, ते यामुळे. बी-पेशी परतल्या तर त्याचा अर्थ आजार परतला असा लगेच लावू नका. कार-टी ओसरल्या असतील किंवा मंदावल्या असतील, आणि ते कधी झालं यावर पुढचा निर्णय ठरतो. पहिल्या सहा महिन्यांत परतल्या तर डॉक्टर जास्त बारकाईने लक्ष ठेवतात. तेव्हा प्रत्येक अहवालातला तो आकडा तारखेसह एका वहीत लिहून ठेवा आणि भेटीला जाताना वही सोबत न्या.